घिरट्यांची भाकरी

आमच्या घरात रोज सगळ्यांना पुरून एक भाकरी जास्त थापली जाते. तिला आम्ही घिरट्यांची भाकरी म्हणतो. नवी सून आली तेव्हा तिला वाटलं, ही देवाची नाहीतर गाईची असणार. पदराखाली झाकून ती बाहेर निघाली होती. मी हसले, पण ही भाकरी कुठून आली ते तिला सांगितलं नाही. बोलायला गेलं की माझं सगळं अर्ध्यावर राहतं. लिहिताना तरी कुणी तोंडाकडे बघत नाही.

हा शब्द आबांचा. लग्नानंतर काही वर्षं मी कोरेगावात त्यांच्या घरी भाड्यानं राहिले. हे फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. गावच्या घरात दिरांचं खटलं मोठं, म्हणून यांनी मला तिथं खोली घेऊन दिली होती. मधल्या भिंतीच्या पलीकडं आबा एकटे. त्यांची बायको ते नोकरीत असतानाच वारली होती. त्यांचं कालवण ते स्वतः करत, भाकरी मात्र माझ्या तव्यावरची.

आबांचा जन्म कोरेगावचा, पण उभी नोकरी मुंबईच्या विमानतळावर झाली. आधी मला वाटायचं, ते विमान चालवत असतील. तसं नव्हतं. विमान उडायच्या आधी कप्तानाच्या हातात एक कागद देतात, तो ते तयार करायचे. वाट कुठली, उंची किती, वारा पुढून की मागून, बोजा किती, तेल किती, उतरायचं कुठं. आणि तिथं उतरता आलं नाही तर दुसरं कुठं उतरायचं, तेही त्यात लिहिलेलं असायचं. त्या दुसऱ्या जागेला ते आल्टरनेट म्हणत. कागदावर करणाऱ्याची सही आणि कप्तानाची सही, अशा दोन सह्या झाल्याशिवाय विमान हलत नसे.

नोकरी संपली तरी त्यांचा कागद संपला नव्हता. साताऱ्याला दात दाखवायला जायचं असलं तरी आदल्या दिवशी फळी मांडीवर घेऊन, पट्टीनं रेघा मारून कागद तयार. त्यात दोन रकाने असायचे. एक ठरलेलं, एक झालेलं. एसटी कुठं किती वाजता पोचायला हवी ते आधी लिहायचं आणि खरी कधी पोचली ते बसल्या बसल्या भरायचं. खिशात ॲल्युमिनियमची एक गोल चकती असायची, तिच्यावर दुसरी फिरायची. ती फिरवून ते वाऱ्याचा हिशेब काढायचे. गुऱ्हाळाच्या धुराकडं बघून म्हणायचे, "आज वारा तोंडावर हाय. गाडीला उशीर हुनार."

"आवं आबा, एसटीला कसला आलाय वारा?" शेजारच्या आक्का म्हणायच्या. आक्कांची जीभ कुणाला सोडत नसे.

"टपावर बोजा किती असतोय बघितलाय का? त्यो काय वाऱ्याला वाट दितोय?"

त्यांनी घरावर वाऱ्याची पिशवीही लावली होती. विमानतळावर असते तशी, वाऱ्यानं फुगून दिशा दाखवणारी. पिशवी कसली, त्यांच्या जुन्या पायजम्याचा एक पाय होता. पांढरा पाय काठीवर फडफडायचा आणि नळावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

"आबा, दुसरा पाय कुठाय वो?" आक्का.

"ठेवलाय. ह्यो फाटला तर लागंल."

हा त्यांचा विनोद नव्हता. दुसरा पाय खरोखर घडी करून ट्रंकेत ठेवलेला होता.

तेलाचं त्यांनी मला एकदा बोटांवर मोजून सांगितलं होतं. मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होते, ते बाहेर बसले होते. "जायला लागतंय त्ये एक. तिथं न्हाई उतरलं तर दुसरीकडं जायला लागतंय त्ये दुसरं. आनि तिथंबी कुनी म्हनलं, थांबा जरा, रस्ता मोकळा न्हाई, तर वरच्या वर घिरट्या घालायला लागतंय त्ये तिसरं. ह्ये तिसरं बहुतेक दिवशी लागत न्हाई. पर त्याच्याबिगर मी कुनाला सोडत न्हवतो." त्या दिवसापासून कळशीतलं शेवटचं पाणी घिरट्यांचं, स्टोव्हमधलं तळाचं रॉकेल घिरट्यांचं आणि टोपल्यातली वरची भाकरी घिरट्यांची झाली.

हे सुट्टीवरून परत निघाले की आबांना उत्साह चढायचा. गुळाच्या व्यापाऱ्याकडून काटा आणून ते यांची ट्रंक आणि वळकटी दोन्ही जोखायचे.

"मागं जड झालंय गड्या. लाडवाचा डबा म्होरं घे."

"आवं आबा, ट्रंक हाय ही, इमान न्हाई."

"हमालाच्या डोक्यावर चढली की इमानच. मागं कलंडली म्हंजी?"

मग ते यांच्यापुढं कागद धरायचे. पुण्याची गाडी चुकली तर कुठं थांबायचं ते त्यात असायचं. हे हसत सही करायचे. आबा मात्र हसत नसत. "वाचून कर. कागद माझा असला तरी जानार तू हायस. पटलं न्हाई तर भांड. दोन सह्या त्याच्यासाठी असत्यात."

त्यांच्याशी भांडलेल्या एका कप्तानाची गोष्ट ते पुष्कळदा सांगायचे. पहाटे उतरायच्या गावी धुकं पडेल असा अंदाज होता, म्हणून आबांनी जादा तेल लिहिलं. कप्तान म्हणाला, इतकं कशाला, तेल वाहून न्यायलाही तेल जळतं. आबा सही करेनात. माणसं बसलेली, विमान उभं. शेवटी कप्तान चिडून तेल घेऊन गेला. इथं आबा थांबायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता धुकं पडणार आणि त्या तेलानं सगळे वाचणार.

"मग?" मी विचारलं होतं. मी आपणहून विचारलेले प्रश्न थोडेच होते, त्यातला हा एक.

"मग काय न्हाई. धुकं पडलंच न्हाई. तेल हाय तसं परत आलं. सायबानं मला उभं करून बोलून घेतलं." आणि हसून म्हणायचे, "काय झालं न्हाई. काय हू नये म्हनून तर आमाला ठेवल्यालं."

मी विचारलेला दुसरा प्रश्न असा होता, की जवळपास दुसरी जागाच नसली तर? आबा खूश झाले. समुद्रात एखादं बेट असतं म्हणाले. चारी बाजूंना पाणी, दुसरीकडं जायचं तर परत मुंबईइतकं लांब. तिथला कागद निराळा करतात. आल्टरनेटच्या जागी काही लिहीत नाहीत. त्याऐवजी जादा तेल देतात आणि कप्तानाला सांगतात, अमुक जागेच्या पुढं गेलास की मागं फिरायचं नाही. ढग असोत, पाऊस असो, वर घिरट्या घालत थांब, फट दिसली की उतर. पण उतरायचं तिथंच.

"भ्या वाटत नसंल का वो?"

"वाटतंय की. पर जायाचंच असलं तर दुसरं काय करनार?"

त्यांच्या कागदांत एक कागद दर महिन्याला नवा व्हायचा आणि निघायच्या दिवशी बाजूला ठेवला जायचा. तो सांगलीचा. सांगलीला त्यांची एकुलती लेक होती. तिनं मुंबईत आपल्या मनानं, परजातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. जावई नंतर सांगलीला नोकरीला आला. लग्नाच्या वेळी आबा तिला म्हणाले होते, "माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई. मीबी तुझ्या दारात यायचा न्हाई." हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आक्कांनी सांगितलं. आबा एवढंच म्हणायचे, "सांगलीला एकदा जाऊन यायचं हाय."

मग काही ना काही निघायचं. पावसाळ्यात कृष्णेला पाणी. उन्हाळ्यात बोजा, कारण लेकीला न्यायचे आंबे जोखेपर्यंत पिकून गळायचे. एकदा आक्कांनी सुचवलं, "रेल्वेनं जावा की. स्टेशन काय लांब हाय का?"

"रेल्वेला आल्टरनेट नसतोय. रूळ नेतील तिथं जायाचं. त्यो काय प्रवास हाय?"

खरी अडचण मला त्या दिवशी कळली. थंडीचे दिवस होते. भाकरी द्यायला गेले तर ते फळीवर कागद घेऊन बसलेले. ठरलेल्यातलं बाकी सगळं भरलेलं. पेन्सिल आल्टरनेटच्या रकान्यावर थांबली होती.

"सांगलीत माझं दुसरं कुनी न्हाई गं," ते कागदाकडं बघत म्हणाले. "तिनं दार न्हाई उघडलं तर जायाचं कुठं? स्टँडवर बसू काय?"

माझं माहेर सांगलीजवळच, हरिपूरला. आई हळदीच्या वखारीत कामाला जायची. मी ताटली ठेवली, दाराआड झाले आणि तिथून म्हणाले, "आमच्या आईकडं जावा की."

आबांनी मान वर केली. "तिला चालंल?"

"चालंल."

"इचारलंस का?"

"इचारायचं काय त्यात? आई हाय."

त्यांनी तेवढ्यात लिहूनच टाकलं, हरिपूर. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हलकं झालेलं बघितलं नव्हतं. मला माझंच नवल वाटलं. दिवसभर मी त्या आनंदात होते.

कळवल्याशिवाय विमान सोडत नाहीत, म्हणून दोन पोस्टकार्डं गेली. लेकीच्या कार्डावर तारीख आणि पोचायची वेळ, बाकी काही नाही. आईचं कार्ड पोस्टमननं आईला वाचून दाखवलं. मुख्य ठिकाणी उतरता आले नाही तरच आपल्याकडे येऊ, न आल्यास स्वयंपाक वाया जाईल, क्षमा असावी. आई म्हणाली, "ह्ये कसलं पावनं म्हनायचं? आलं तर आलं, न्हाई तर न्हाई?"

मीही बरोबर निघाले, माहेरी जायला मिळत होतं. निघताना कागदावर सह्यांची वेळ आली. आबांनी करणाऱ्याच्या जागी सही केली. मग थोडं थांबून कप्तानाच्या जागीही स्वतःच केली. "जानारबी मीच हाय," ते म्हणाले. त्यांच्याशी भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

साताऱ्याहून सांगलीची गाडी धरली. उंब्रज, कराड, इस्लामपूर, आष्टा. गाव आलं की आबा घड्याळ बघून लिहायचे. कंडक्टरनं हे दोनतीनदा बघितलं आणि टोपी घातली. कराडच्या पुढं तो येऊन अदबीनं म्हणाला, "साहेब, तिकिटं सगळी दिल्यात बरं का. मागची म्हातारी आत्ता चढली, तिचं फाडतोच." त्याला ते तपासणीवाले वाटले होते. आबांनी चष्म्यावरून बघितलं. "फाडा. आनि आष्ट्याला वेळेत पोचवा." गाडी वेळेत पोचली. उतरताना कंडक्टरनं आमची पिशवी खाली दिली. आबा म्हणाले, "बघितलंस? कागद असला की मानूस नीट वागतोय." फार दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

लेकीची आळी गावभागात होती. कोपऱ्यावर एक मारुतीचं देऊळ आणि त्याला कट्टा. आबांनी पिशवी माझ्यापाशी ठेवली, टोपी नीट केली. आळीत मध्यावर विजेचा खांब होता आणि त्याच्या पुढं तिचं घर. त्यांनी मला खांब दाखवला.

"तिथवर जायाचं. दार उघडं दिसलं तर आत. न्हाई दिसलं तर परत."

विमानाचंही तसंच असतं, हे मी ऐकलेलं होतं. एका उंचीपर्यंत खाली यायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर पुन्हा वर. "अजून जरा खाली जाऊन बघू म्हननारी मानसं मेली," असं ते सांगायचे.

ते खांबापर्यंत गेले. दार लोटलेलं होतं. ते थांबले नाहीत, वळले, पलीकडच्या बोळातून फिरून पुन्हा आळीच्या तोंडाशी आले आणि पुन्हा खांबाकडं निघाले. पुन्हा तसंच. कट्ट्यावरून मला त्यांची पाठ दिसायची आणि थोड्या वेळानं तोंड. प्रत्येक वेळी खांबाजवळ त्यांची चाल हळू व्हायची. अंगणात पापड घालणारी एक बाई हात थांबवून बघत राहिली. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडं आले.

"घिरट्या संपल्या. चल, हरिपूर."

"आबा," मी म्हणाले, "एकदा कडी वाजवून तरी बघा की वो."

"खांबाच्या म्होरं जायाचं न्हाई." आवाज शांत होता. पिशवी उचलून ते टांगा बघायला निघालेसुद्धा.

आईनं अंगण सारवून ठेवलं होतं. तिचे पिवळे हात बघून आबांनी हळदीची चौकशी केली. आईनं पाट मांडला.

"दुसरीकडं जायाचं हुतं म्हनं तुमास्नी?"

"व्हय. तिथली हवा बंद हुती."

"सांगलीची?" आईनं दारातून आभाळाकडं बघितलं. "आज तर कसं निवळ पडलंय."

नदीकाठची भरली वांगी, भाकरी आणि घट्ट दही होतं. ते पोटभर जेवले. आईनं वांगं परत वाढलं, ते नको म्हणाले नाहीत. टोपलं बघून म्हणाले, "भाकरी उरली व्हय?"

"तुमी येनार का न्हाई ते धड लिवलंच न्हवतं. केली आपली."

"बरोबर केलं," आबा म्हणाले. "घिरट्यांची."

परतीच्या गाडीत त्यांनी झालेल्याच्या रकान्यात हरिपूर लिहिलं आणि कागदाची घडी केली. मला म्हणाले, "आल्टरनेटला उतरनं म्हंजी कमीपना न्हवं. मानसं सुखरूप पोचली की झालं."

त्यानंतर सांगलीचे कागद झाले, पण आम्ही पुन्हा गेलो नाही. आता आल्टरनेटचा रकाना कधी अडायचा नाही. मला न विचारता ते तिथं हरिपूर लिहायचे. "हवा जरा निवळू दे," म्हणायचे. छपरावरचा पायजम्याचा पाय फाटून गेला. ट्रंकेतला दुसरा त्यांनी काढला नाही. आक्कांनीही त्यावरून त्यांना चिडवलं नाही.

पुढच्या थंडीत थोड्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. हे सुट्टीवर होते म्हणून निभावलं. लेकीला तार यांनीच केली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिच्याबरोबर चारपाच वर्षांची मुलगी होती. मी चहा केला. तिनं कप हातात धरून ठेवला.

"एकदा आले होते ते," ती म्हणाली. "कार्ड टाकलं होतं, त्याच वेळेला आले."

मी मान हलवली. मी बरोबर होते हे तिला माहीत नव्हतं.

"मी दाराच्या आत उभी होते. कडीवर हात होता माझा. हिला नवा फ्रॉक घातला होता. पावलं खांबापर्यंत यायची आणि परत जायची. त्यांची चाल मी झोपेतही ओळखीन. तुझ्या दारात यायचा नाही, असं तेच म्हणाले होते. मग मला ती कडी वाजलेली ऐकायची होती. एकदा वाजली असती तर बास होतं."

मुलगी आबांची चकती फिरवत बसली होती.

"मग पावलं आलीच नाहीत. त्या दिवशी कुठं गेले असतील, कोण जाणे."

"आमच्याकडं," मी म्हणाले. "हरिपूरला. माझ्या आईकडं."

"जेवले?"

"जेवले."

"काय होतं?"

"भरली वांगी. दही."

"पोटभर?"

"हां."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं चहा पिऊन टाकला.

मला तेव्हा बेट आठवलं. आबांनी ते मला इतकं नीट समजावून सांगितलं होतं. लेकीचं घर तसलं बेट होतं. तिथला कागद निराळा करायला हवा होता, आल्टरनेटची जागा मोकळी सोडून. मग पापडवाली बघो नाहीतर सगळी आळी बघो, ते खांबाच्या पुढं गेले असते. जायला दुसरी जागा नव्हती, तोवर बिचारे निघत नव्हते. जागा मिळाली, तर तिथंच उतरले. माझी आई मरेपर्यंत त्या जेवणाचं कौतुक सांगायची, की म्हातारा कसा मन लावून जेवला. मी ऐकून घ्यायचे.

लेकीनं खोलीतलं फारसं काही घेतलं नाही. मुलीच्या हातातली चकती राहू दिली. मी आत त्यांचं अंथरूण आवरत होते. ती मुलीला घेऊन बाहेर पडली, पायरी उतरली, परत चढली. दार सताड उघडं होतं. तिनं त्याची कडी धरली आणि लाकडावर एकदा वाजवली. मग तिथंच उभी राहिली.

आत मी एकटीच होते. "कोण? ये गं," एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.